पडदा खिशात आला

(प्रस्तुत पाठात मनोरंजनाच्या साधनांमध्ये गेल्या सव्वाशे वर्षांत झालेल्या बदलांची माहिती दिली आहे. साधन बदलले की कला कशी बदलते, कलावंतांचे काय होते आणि पाहणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे लेखकाने मालेगाव शहराच्या उदाहरणाने समजावून सांगितले आहे.)



‘शोले’ हा चित्रपट १९७५ साली पडद्यावर आला. तुमच्या आजोबांनी तो कदाचित चित्रपटगृहासमोर रांगेत उभे राहून, तिकीट काढून पाहिला असेल. तुमच्या वडिलांनी तोच चित्रपट शेजाऱ्यांच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला असेल. आणि तुम्ही? तुम्ही तो मोबाइलच्या पडद्यावर, अंगठ्याने पुढे-मागे सरकवत पाहिला असेल. चित्रपट तोच, संवादही तेच. पाहण्याची रीत मात्र तीन पिढ्यांत दोनदा बदलली.

मग केवळ पाहण्याची रीतच बदलली, की त्याबरोबर आणखीही काही बदलले? या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू या.

यंत्र आले, कला बदलली

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. भारतातील हा पहिला चित्रपटाचा खेळ होय. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत लोकांसमोर आला. फाळके मूळचे नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा हा चित्रपट मूकपट होता. पात्रे बोलत नसत. जे सांगायचे ते पडद्यावर अक्षरांत उमटत असे.

याच काळात गाण्याच्या क्षेत्रातही एक नवे यंत्र आले होते. ते म्हणजे ग्रामोफोन. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. मैफलीत एखादा राग तासभर रंगत असे. पण तबकडीवर जेमतेम तीन मिनिटेच मावत. म्हणून गायकांना तासाभराचे गाणे तीन मिनिटांत बसवावे लागले. पुढे तबकड्या मागे पडल्या, तरी तीन-चार मिनिटांचे गाणे ही आपल्या कानांची सवय होऊन बसली. आजही आपण गाणे म्हणतो ते साधारण तेवढ्याच लांबीचे असते. यंत्राची अडचण अशी कलेची रीत होऊन जाते.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. अर्देशीर इराणी यांनी काढलेला हा भारतातील पहिला बोलपट होय. चित्रपट बोलू लागला आणि कलावंतांची परीक्षा सुरू झाली. या चित्रपटाचे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील अत्यंत लोकप्रिय मराठी नट होते. तलवारबाजीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु उर्दू-हिंदुस्थानी संवाद त्यांच्या जिभेवर बसेनात. म्हणून नायक असूनही त्यांच्या तोंडी फारसे संवाद दिले गेले नाहीत. सुलोचना या नावाने काम करणाऱ्या रुबी मायर्स या प्रसिद्ध नटीला तर काही काळ काम थांबवून हिंदुस्थानी भाषा शिकावी लागली. ती शिकून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. दुसरी भाषा शिकण्याचे महत्त्व मराठीच्या तासाला बसणाऱ्या तुम्हांला वेगळे सांगायला नकोच!

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नवे साधन नुसते जुन्याची जागा घेत नाही. कोणाला काम मिळेल, कोणाचे जाईल, कोणती भाषा चालेल आणि कला किती लांबीची असेल, हेही ते ठरवून टाकते.

एक दूरदर्शन, सारी गल्ली

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली पडद्यावर रंग आले. त्या काळी गल्लीत एखाद्याच घरी दूरदर्शन संच असे. ‘रामायण’ किंवा ‘महाभारत’ ही मालिका लागली की रस्ते ओस पडत. १९८८ साली गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ ही मालिका आली, तेव्हा उर्दू येत नसलेल्या घरांतही गालिबचे नाव पोचले. संच कमी, वाहिनी एकच; म्हणून सगळे एकत्र बसत आणि सगळे एकच कार्यक्रम पाहत. दुसऱ्या दिवशी शाळेत, बाजारात, कारखान्यात त्याचीच चर्चा होई.

त्यात पाहणाऱ्याला निवड नव्हती, हेही खरे. जे लागेल ते पाहायचे आणि जेव्हा लागेल तेव्हाच पाहायचे. १९९१ नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या आणि रिमोट कोणाच्या हाती असावा यावरून घराघरांत भांडणे होऊ लागली!

मालेगावचे सिनेमावाले

आता आपण मुंबई-आग्रा महामार्गावर असलेल्या मालेगावात जाऊ. मोसम नदीने दोन भागांत विभागलेले हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या वंशजांची येथे मोठी वस्ती आहे. घरात उर्दू, बाजारात मराठी आणि मागांचा खडखडाट रात्रंदिवस, असे हे गाव. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी कामगारांची पावले नमाजानंतर सिनेमाकडे वळत.

व्हीसीआर हे यंत्र आले, तेव्हा इतर गावांप्रमाणे मालेगावातही व्हिडिओ पार्लर निघाले. एका खोलीत संच मांडायचा, कॅसेट लावायची आणि थोड्या पैशांत सिनेमा दाखवायचा, असा तो धंदा होता. असेच एक पार्लर नासिर शेख हे चालवीत असत. सिनेमे दाखवता दाखवता त्यांच्या मनात आले, की आपणच सिनेमा का काढू नये?

पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता, नामांकित नट नव्हते. होती ती हौस आणि होते गावातले मित्र. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट काढला. मूळ ‘शोले’त डाकू घोड्यांवरून येतात, मालेगावच्या ‘शोले’त ते सायकलींवरून आले. चित्रीकरणासाठी साधा व्हिडिओ कॅमेरा होता. मोठ्या स्टुडिओत कॅमेरा वर उचलण्यासाठी क्रेन असते. येथे बैलगाडीची क्रेन झाली. गाडीच्या एका टोकावर कॅमेरा घेऊन माणूस बसायचा आणि दुसरे टोक इतरांनी दाबायचे. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही तरफेचे तत्त्व शिकला आहात, ते हेच. हलणारे दृश्य घ्यायचे असेल तर कॅमेरावाला सायकलवर बसे आणि कोणीतरी सायकल ढकले.

गावाने हा चित्रपट डोक्यावर घेतला. पडद्यावरचा डाकू उद्या चहाच्या टपरीवर भेटणार, ही गंमत मुंबईच्या कोणत्या चित्रपटात मिळणार? पुढे मालेगावात असे अनेक चित्रपट निघाले. लोक गमतीने या धंद्याला ‘मॉलिवूड’ म्हणू लागले.

त्यांतील ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट विशेष गाजला. त्याचा नायक शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा सडपातळ तरुण होता. त्याला आकाशात उडवायचे कसे? त्यासाठी हिरवे कापड ताणून त्याच्यापुढे चित्रीकरण करण्यात आले. नंतर संगणकावर हिरवा रंग काढून टाकायचा आणि तेथे आकाश भरायचे, अशी ही युक्ती. अमेरिकेतील मोठमोठे स्टुडिओ हीच युक्ती कोट्यवधी रुपये खर्चून करतात. हा चित्रपट तयार होत असताना फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढला. तो २००८ साली पूर्ण झाला आणि देशोदेशीच्या महोत्सवांत दाखवला गेला.

या कथेला एक दुःखाची किनार आहे. पडद्यावर आकाशात झेपावणारा शफीक काही वर्षांतच कर्करोगाने वारला. पडद्यावरचा सुपरमॅन दुष्टांशी लढून जिंकतो; खऱ्या आयुष्यातल्या माणसाला दवाखाना, औषध आणि पैसा लागतो. माहितीपट पाहून हसणाऱ्या लोकांनी हे विसरू नये.

आणि व्हिडिओ पार्लरचे काय झाले? सीडी आली, केबल पसरली, मग मोबाइलमधले मेमरी कार्ड आले. दुकानात जाऊन चार पैशांत कार्ड भरून आणले की दहा सिनेमे खिशात. पार्लरमध्ये जाणार कोण? ज्या यंत्राने मालेगावच्या हौशी मंडळींना सिनेमा काढायला शिकवले, त्याच यंत्राच्या धाकट्या भावांनी त्यांचे प्रेक्षक पळवले.

नळाला आलेला सिनेमा

आता आजच्या साधनाकडे वळू. त्याचे नाव स्ट्रीमिंग.

स्ट्रीमिंग म्हणजे काय? पूर्वी विहिरीवरून पाणी आणावे लागे. मडके पूर्ण भरायचे, घरी आणायचे आणि मग प्यायचे. कॅसेट किंवा मेमरी कार्ड म्हणजे असे भरलेले मडके. नळ आला तेव्हा पाणी साठवण्याची गरज उरली नाही. तोटी फिरवली की धार सुरू. स्ट्रीमिंग हा नळ आहे. चित्रपट कंपनीच्या संगणकात साठवलेला असतो. त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात. हे तुकडे इंटरनेटवरून एकामागून एक तुमच्या मोबाइलकडे येतात. एक तुकडा तुम्ही पाहत असता, तोवर पुढचे तुकडे येऊन थांबलेले असतात. इंटरनेटचा वेग कमी झाला तर हलक्या दर्जाचे तुकडे पाठवले जातात. म्हणून कधी कधी चित्र अंधुक दिसते. वेग वाढला की चित्र पुन्हा स्वच्छ होते.

यूट्यूब २००५ साली अमेरिकेत सुरू झाले. नेटफ्लिक्स ही कंपनी १९९७ साली स्थापन झाली. ती आधी टपालाने डीव्हीडी भाड्याने देत असे. २००७ साली तिने स्ट्रीमिंग सुरू केले. भारतात २०१५ साली हॉटस्टार आणि जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आले. तरीही ही चैन शहरातल्या श्रीमंतांपुरतीच होती, कारण इंटरनेट महाग होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले आणि हा नळ खेड्यापाड्यांत पोचला. २०२० साली कोरोनाच्या साथीत चित्रपटगृहांना टाळे लागले. तेव्हा अमिताभ बच्चन यांचा, लखनौच्या जुन्या हवेलीची कथा सांगणारा ‘गुलाबो सिताबो’ हा चित्रपट चित्रपटगृहात न जाता सरळ घरोघरी मोबाइलवर आला.

काय मिळाले?

या बदलाने पुष्कळ काही दिले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. व्हिडिओ पार्लर ही पुरुषांची जागा होती. मुली व स्त्रिया तेथे जात नसत. मोबाइलने चित्रपट त्यांच्या हाती दिला. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना पडद्याखालची अक्षरे वाचता येऊ लागली. मल्याळम, तमिळ, इराणी, कोरियन चित्रपट आपल्याला समजू लागले.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, दाखवणारा आणि पाहणारा यांच्यातील भिंत खाली आली. खानदेशी बोलीतील ‘छोटू दादा’च्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. ज्या बोलीला मोठ्या पडद्यावर फारशी जागा मिळाली नाही, ती बोली आज देशभर ऐकली जाते. बैलगाडीची क्रेन करणाऱ्यांच्या मुलखातून हे घडावे, यात नवल नाही. कारागिरी तीच, फक्त पार्लरची जागा मोबाइलने घेतली.

आणि मालेगावची गोष्टही सर्वदूर पोचली. रीमा कागती यांनी नासिर शेख व त्यांच्या मित्रांच्या जीवनावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो कॅनडातील टोरांटो महोत्सवात दाखवला गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला आणि नंतर स्ट्रीमिंगवर आला.

काय हरवत आहे?

पण मित्रांनो, नळाचे पाणी आले म्हणून पाण्याची काळजी संपत नाही. तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट : निवड कोण करतो? आपल्याला वाटते, आपण निवडतो. खरे तर आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे थांबलो, काय अर्धवट सोडले, याची नोंद कंपनीचा संगणक ठेवतो. त्यावरून तो पुढचे चित्र आपल्यापुढे ठेवतो. भांडणाची एक चित्रफीत पाहिली की भांडणाच्या आणखी दहा येतात. एक संपण्याआधी दुसरी तयार असते. आपण जितका वेळ पाहू, तितक्या जाहिराती आपल्यापुढे येतील आणि तितका कंपनीचा फायदा होईल. पार्लरवाला तिकिटाचे पैसे घेई आणि खेळ संपला की घरी पाठवी. हा नवा पार्लरवाला तुम्हांला घरी पाठवत नाही, कारण तो तुमच्याकडून पैसे घेत नाही. तुमचा वेळ घेतो.

गाण्याचीही हीच गत. काही सेवांवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते आणि त्याचे पैसे कलावंताला मिळतात. म्हणून पहिल्या काही क्षणांतच कान पकडणारी गाणी केली जातात. एकेकाळी तबकडीने तासाची तीन मिनिटे केली. आज मोबाइल तीन मिनिटांची ३० सेकंदे करीत आहे.

दुसरी गोष्ट : कलावंताचे पोट. यूट्यूबवर कोणीही चित्रफीत टाकू शकतो. पण पैसे सर्वांना मिळत नाहीत. २०१८ साली कंपनीने अट घातली, की जाहिरातीचे पैसे हवे असतील तर वाहिनीचे किमान १००० सदस्य हवेत आणि वर्षभरात ती किमान ४००० तास पाहिली गेलेली हवी. उद्या ही अट बदलली तर? कलावंताला कोणी विचारणार नाही. शिवाय चोरी आहेच. चित्रपटगृहात लपून चित्रीकरण करायचे आणि फुकट वाटायचे, हा गुन्हा आहे. २०२३ साली सुधारलेल्या कायद्यानुसार अशा चोरीला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘एकाने फुकट पाहिले तर काय बिघडले?’ असे म्हणणाऱ्याने विणकराचा विचार करावा. त्याने विणलेले लुगडे कोणी न विचारता उचलून नेले आणि ‘एकच तर नेले’ असे म्हटले, तर त्याला कसे वाटेल?

तिसरी गोष्ट : जपणूक. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. भारताचा पहिला बोलपट आपण केवळ छायाचित्रांत पाहू शकतो. ‘राजा हरिश्चंद्र’चाही थोडाच भाग उरला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर अनेक मूकपट नष्ट झाले होते. व्हिडिओ कॅसेटची फीतही वर्षे लोटली की खराब होते. स्ट्रीमिंगवर तर आपल्या हाती काहीच नसते. कंपनीचा करार संपला की चित्रपट एका रात्रीत दिसेनासा होतो. मडक्यातले पाणी आपले असते; नळाचे पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीवर असते.

आता पाळी तुमची

काही वडीलधारी माणसे म्हणतील, मोबाइलच नको. पण ते व्यवहार्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. तबकडी आली तेव्हा गाणे बुडाले नाही. बोलपट आला तेव्हा अभिनय बुडाला नाही. साधन वाईट नसते. ते कोण कोणासाठी वापरतो, हे महत्त्वाचे.

म्हणून पाहायला बसण्याआधी ठरवा की काय पाहायचे आणि किती वेळ. २०२१ च्या नियमांनुसार स्ट्रीमिंगवरील कार्यक्रमांना वयोगट लावलेले असतात : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी. ते पाहा आणि पाळा. आठवड्यातून एकदा तरी घरातल्या सर्वांबरोबर बसून एखादा चांगला चित्रपट पाहा आणि त्यावर बोला. दादीला विचारा, तिने पहिला सिनेमा कोठे पाहिला. तिची आठवण मोबाइलमध्ये मुद्रित करून ठेवा. अशी आठवण कोणत्याही कंपनीच्या संगणकात सापडणार नाही.

आणि केवळ पाहू नका, करून पाहा. मालेगावच्या माणसांजवळ तुमच्यापेक्षा कमी साधने होती. त्यांचा कॅमेरा तुमच्या मोबाइलपेक्षा अधू होता. तरीही त्यांनी आपल्या गल्लीची, आपल्या बोलीची, आपल्या हशाची नोंद ठेवली. तुमच्या गल्लीची गोष्ट तुम्हीच सांगितली पाहिजे. ती सांगायला मुंबईहून कोणी येणार नाही.

नाटक संपले की पडदा पडतो आणि प्रेक्षक उठून घरी जातात. तो पडदा दुसरा कोणीतरी पाडत असतो. खिशातला पडदा मात्र आपोआप पडत नाही. तो आपल्याच हाताने पाडावा लागतो.

शब्दार्थ

मूकपट – ज्यात पात्रे बोलत नाहीत असा चित्रपट
तबकडी – गाणे मुद्रित केलेली गोल चकती, रेकॉर्ड
तरफ – जड वस्तू उचलण्याचे साधे यंत्र
ओस पडणे – रिकामे होणे, शुकशुकाट होणे
डोक्यावर घेणे – अतिशय कौतुक करणे
हात धरणारा नसणे – बरोबरी करणारा कोणी नसणे
चित्रफीत – व्हिडिओ
मर्जी – इच्छा, खुशी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतातील पहिला चित्रपटाचा खेळ कोठे झाला?
(आ) मास्टर विठ्ठल यांना बोलपटात कोणती अडचण आली?
(इ) मालेगावच्या ‘शोले’त डाकू कशावरून आले?
(ई) जिओची सेवा सुरू झाल्यावर काय बदलले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तबकडीमुळे गाण्यात कोणता बदल झाला?
(आ) लेखकाने स्ट्रीमिंगला नळाची उपमा का दिली आहे?
(इ) ‘हा नवा पार्लरवाला तुम्हांला घरी पाठवत नाही’, असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) ‘आलम आरा’ आज पाहता येत नाही.
(आ) मालेगावचे व्हिडिओ पार्लर बंद पडले.

प्र. ४. तुमचे मत लिहा.
जुन्या चित्रपटाची विनोदी नक्कल करून नवा चित्रपट काढणे आणि चित्रपटाची चोरटी प्रत वाटणे, या दोन गोष्टींत काय फरक आहे?

भाषाभ्यास

पडदा, नक्कल, कारागीर, बाजार, मर्जी, हौस हे शब्द फारसी व अरबी भाषांतून मराठीत आले आहेत. ते उर्दूतही आहेत. परंतु काही शब्दांचे अर्थ दोन भाषांत निराळे झाले आहेत. उदाहरणार्थ, उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत ‘शिकस्त करणे’ म्हणजे शक्य तितके सर्व प्रयत्न करणे. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्षांतील समझोता. मराठीत नोकरी सोडल्याचे पत्र. उर्दूत ‘हवस’ म्हणजे हाव. मराठीत ‘हौस’ म्हणजे आवड. उर्दूत ‘तमाशा’ म्हणजे कोणताही खेळ किंवा देखावा. मराठीत ती महाराष्ट्राची एक लोककला आहे. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ लिहा.

उपक्रम

आपल्या गावातील बंद पडलेल्या किंवा चालू असलेल्या एका चित्रपटगृहाची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा. ते केव्हा सुरू झाले, तेथे कोणता चित्रपट जास्त दिवस चालला, तिकीट किती होते आणि तेथे काम करणारी माणसे आज काय करतात, हे विचारून दहा ओळी मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.